रोजच्या खाण्यासाठी दही घेताना: साधं, ग्रीक की हाय-प्रोटीन?

दुकानातल्या फ्रिजचं दार उघडलं की पूर्वी दह्याचे दोनच प्रकार दिसायचे, लहान डबा आणि मोठा डबा. आता तिथे ग्रीक योगर्ट, हाय-प्रोटीन दही, प्रोबायोटिक दही, लो-फॅट, ए-टू, आंबा-स्ट्रॉबेरी असे कप ओळीने मांडलेले असतात. चारशे ग्रॅम साधं दही ज्या किमतीत मिळतं, त्याहून जास्त पैसे नव्वद ग्रॅमच्या एका कपाला पडतात. प्रथिनांची चर्चा घरोघरी पोचल्यापासून हा महाग कप आपण आरोग्यासाठी घेतोय की जाहिरातीसाठी, हा प्रश्न बऱ्याच जणांना पडलेला आहे.

उत्तर डब्याच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं. फक्त तिथले कोणते आकडे बघायचे आणि कोणते सोडून द्यायचे, हे माहीत हवं.

## दही लावल्यावर दुधात काय बदलतं, काय बदलत नाही

गाईच्या दुधात साधारण ८७ टक्के पाणी असतं. उरलेल्यात लॅक्टोज ही दुधातली साखर जवळपास पावणेपाच टक्के, प्रथिनं सव्वातीन टक्क्यांच्या आसपास, शिवाय स्निग्धांश आणि कॅल्शियमसारखी खनिजं. विरजणातले जिवाणू लॅक्टोज खातात आणि लॅक्टिक आम्ल बनवतात. दुधाची आम्लता वाढत वाढत एका ठरावीक पातळीला (पीएच ४.६ च्या आसपास) पोचली की केसिन हे दुधातलं मुख्य प्रथिन एकमेकांना चिकटून जाळी धरतं. ही जाळी स्पंजसारखी असते: तिच्या छिद्रांत पाणी आणि स्निग्धांश अडकून राहतात, आणि चमच्याने कापावं असं घट्ट दही तयार होतं. स्पंज दाबला की पाणी निघतं, तसंच दही हललं की वर पाणी सुटतं.

या सगळ्यात प्रथिनांचं प्रमाण वाढत नाही. जेवढी दुधात, तेवढीच दह्यात. जिवाणू लॅक्टोजचा साधारण पाव हिस्सा संपवतात, प्रथिनं पचायला थोडी सोपी करतात, एवढंच. म्हणून 'आमच्या दह्यात जास्त प्रोटीन' असं कुणी म्हणत असेल, तर त्याने तीनपैकी एक गोष्ट केलेली असते: दह्यातलं पाणी काढून टाकलं, दुधात भुकटी किंवा वेगळं काढलेलं प्रथिन मिसळलं, किंवा दूध आटवलं. चौथा मार्ग नाही.

## डब्यावर आधी काय वाचायचं

सर्वात आधी घटकपदार्थांची यादी. त्यात पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. चांगल्या साध्या दह्याची यादी एका ओळीत संपते: पाश्चराइज्ड दूध, कदाचित दुधाची भुकटी किंवा 'मिल्क सॉलिड्स', आणि कल्चर म्हणजे विरजण. यादी लांबत जाऊन साखर, स्टार्च, पेक्टिन, जिलेटिन, फ्लेवर आणि रंगापर्यंत पोचली की तो रोजचा पदार्थ राहिला नाही, ते डेझर्ट झालं. हे घटक विषारी नसतात. पण दूध कमी वापरूनही दाटपणा आणायची सोय त्यांच्यामुळे होते, आणि त्या दाटपणाचे पैसे आपण दूध समजून देतो.

मग पोषणाच्या तक्त्याकडे वळायचं. तिथे 'प्रति १०० ग्रॅम' हाच रकाना पाहायचा. 'प्रति सर्व्हिंग'चा रकाना तुलनेसाठी निरुपयोगी, कारण एकाचं सर्व्हिंग ८५ ग्रॅमचं असतं तर दुसऱ्याचं २०० चं. समोर ठळक अक्षरात '१५ ग्रॅम प्रोटीन' लिहिलेलं असलं, तरी ते शंभर ग्रॅममध्ये की आख्ख्या डब्यात, हे मागे वळवल्याशिवाय कळत नाही.

साध्या दह्यात शंभर ग्रॅमला ३ ते ४ ग्रॅम प्रथिनं असतात. ४ ते ५ ग्रॅम 'टोटल शुगर' दिसली तरी घाबरायचं कारण नाही, ती दुधातली लॅक्टोज असते. खरी नजर ठेवायची ती त्याखालच्या 'ॲडेड शुगर'वर. रोजच्या दह्यात तो आकडा शून्य असला पाहिजे.

स्निग्धांश कोणत्या दुधाचं दही आहे यावर ठरतो. आपल्याकडच्या नियमांनुसार टोन्ड दुधात किमान ३ टक्के, डबल टोन्डमध्ये १.५ टक्के, फुल क्रीममध्ये किमान ६ टक्के स्निग्धांश लागतो, आणि स्किम्ड दुधात तो अर्ध्या टक्क्याच्या वर नसतो. दही ज्या दुधाचं, त्याचाच निकष दह्यालाही लागतो. प्रथिनं मात्र या सगळ्या प्रकारांत जवळजवळ सारखीच. म्हणजे फुल क्रीम दह्याला मोजलेले जास्तीचे पैसे चवीचे आणि सायीचे असतात.

## ग्रीक योगर्ट म्हणजे थोडा सैल चक्का

दही फडक्यात बांधून टांगलं की पाणी निथळतं आणि चक्का उरतो, हे श्रीखंड करणाऱ्या कुठल्याही घराला सांगावं लागत नाही. ग्रीक योगर्टचं मूळ तंत्र हेच आहे. कारखान्यात फडक्याऐवजी वेगाने फिरणारं यंत्र किंवा अतिशय बारीक छिद्रांची गाळणी असते, आणि चक्क्याइतकं कोरडं होण्याआधीच निथळणं थांबवतात.

दाट केलेल्या अशा दह्यात किमान ५.६ टक्के प्रथिनं हवीत, असं कोडेक्स ही अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं सांगतात. कपावर 'ग्रीक' लिहिलंय आणि मागे शंभर ग्रॅमला ४ ग्रॅमच प्रथिनं दिसतायत, तर तो दाटपणा निथळण्यातून आलेला नाही, स्टार्च किंवा पेक्टिनमधून आलेला आहे. चांगल्या कपात हा आकडा ७ ते १० असतो.

निथळताना काय जातं आणि काय राहतं, तेही पाहू. केसिन आणि स्निग्धांश फडक्यात राहतात. पाण्याबरोबर थोडी लॅक्टोज जाते आणि व्हे प्रथिनांचा, म्हणजे त्या पाण्यात विरघळलेल्या प्रथिनांचा, काही भागही जातो. पण सर्वात मोठं नुकसान कॅल्शियमचं. दही आंबट होताना केसिनला बांधलेलं कॅल्शियम सुटून पाण्यात विरघळतं, त्यामुळे त्याचा मोठा वाटा निवळीबरोबर वाहून जातो. प्रथिनं दुप्पट झाली म्हणून कॅल्शियमही दुप्पट झालं असं नसतं. शंभर ग्रॅमला ते साध्या दह्याइतकंच, कधी त्याहून कमी भरतं. हाडांसाठी म्हणून कुणी ग्रीक योगर्ट घेत असेल, तर साधं दही त्याहून सरस आहे.

घरी चक्का करणाऱ्यांनी म्हणूनच निवळी मोरीत ओतू नये. कणीक मळायला, आमटीत, कढीत, भाकरीच्या पिठात ती सहज खपते. आंबटपणासाठी वेगळं काही घालावं लागत नाही, हा वरचा फायदा.

## रुपयाला किती प्रथिनं: एक ओळीचा हिशेब

डब्याच्या वजनाला शंभर ग्रॅममधल्या प्रथिनांनी गुणा आणि शंभराने भागा. त्या डब्यात एकूण किती ग्रॅम प्रथिनं आहेत ते कळलं. आता किमतीला त्या आकड्याने भागा. हा झाला एका ग्रॅम प्रथिनाचा भाव.

खालचे भाव नमुन्यादाखल धरलेले आहेत. शहर, डेअरी आणि महिना बदलला की ते बदलतात. तुमच्या दुकानातले आकडे घालून बघा, क्रम फारसा बदलणार नाही.

४०० ग्रॅम साधं दही समजा ३५ रुपयांना आहे आणि प्रथिनं साडेतीन टक्के. म्हणजे डब्यात १४ ग्रॅम प्रथिनं, ग्रॅमला अडीच रुपये. किलोची पिशवी ७२ रुपयांना आणि प्रथिनं ३.२ टक्के असतील, तर ग्रॅमला सव्वादोन रुपये. ४०० ग्रॅम हाय-प्रोटीन दही ७५ रुपयांना, प्रथिनं ६ टक्के: ग्रॅमला सव्वातीनच्या थोडं आत. ९० ग्रॅमचा ग्रीक कप ५० रुपयांना, प्रथिनं ८ टक्के: ग्रॅमला जवळपास ७ रुपये. आणि ८० ग्रॅमचा फळाच्या चवीचा कप २५ रुपयांना, प्रथिनं ३ टक्के: ग्रॅमला दहा रुपयांच्या वर, साखर सोबत.

५८ रुपये लिटरच्या टोन्ड दुधाचं घरी दही लावलं तर हाच आकडा पावणेदोनच्या जरा वर येतो. तेच दही घरी टांगून ग्रीक केलं, तर निवळीतून गेलेली प्रथिनं वजा करूनही ग्रॅमला सुमारे दोन रुपये. दुकानातल्या ग्रीक कपाच्या साडेतीनपट किमतीतला मोठा भाग छोट्या पॅकिंगचा, शीतसाखळीचा आणि जाहिरातीचा असतो.

एक गोष्ट इथेच सांगून टाकलेली बरी: निव्वळ स्वस्त प्रथिनांसाठी दही हा पहिला पर्याय नाहीच. तूरडाळ किंवा शेंगदाणे दीडशे रुपये किलो धरले तरी ग्रॅमला सत्तर पैशांच्या आत पडतात. सात रुपयांच्या अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात. मग दही का खायचं? कारण दुधाची प्रथिनं उत्तम पचतात आणि त्यांत लायसिन हे अमायनो आम्ल भरपूर असतं, जे भात, ज्वारी, गव्हात कमी पडतं. दहीभात किंवा भाकरी-दही ही जोडी त्या अर्थाने एकमेकांची उणीव भरून काढते. जोडीला कॅल्शियम आणि शाकाहाऱ्यांना एरवी दुर्मीळ असलेलं थोडंफार बी-१२ जीवनसत्त्व.

## मग किती खाल्लं म्हणजे पुरे?

भारतीयांसाठी २०२० साली ठरवलेल्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५५ किलोच्या बाईंना साधारण ४६ ग्रॅम, ६५ किलोच्या पुरुषाला ५४. दोनशे ग्रॅमची वाटी साधं दही खाल्लं की त्यातली साडेसहा-सात ग्रॅम मिळतात, आणि दिवसाला हव्या असलेल्या हजार मिलिग्रॅम कॅल्शियमपैकी सुमारे पाव हिस्सा.

बाकी डाळ, उसळ, शेंगदाण्याचं कूट, अंडी, मासे नीट असतील तर दह्याकडून यापेक्षा जास्त मागायची गरज नाही. ताक मात्र या हिशेबात धरताना सांभाळून. त्यात वरून घातलेलं पाणीच निम्म्याहून जास्त असतं, आणि तयार मसाला ताकाच्या पाकिटात मीठही बरंच असू शकतं. रक्तदाब असेल तर 'सोडियम'चा आकडा बघा.

## महागडं दही कधी परवडतं

ग्रीक किंवा हाय-प्रोटीन दही फसवं आहे असं नाही. पोट लवकर भरतं अशा वृद्ध व्यक्तींना, आजारातून उठणाऱ्यांना, वजन कमी करताना उष्मांक मोजणाऱ्यांना कमी घासांत जास्त प्रथिनं हवी असतात. अशा वेळी १५० ग्रॅममधून १२ ग्रॅम प्रथिनं मिळणं हा खरा फायदा आहे. प्रवासात किंवा ऑफिसात टांगलेलं दही सोबत नेता येत नाही, तिथे कप सोयीचा. त्या सोयीची किंमत किती, हे ठाऊक असून घेतलं तर हरकत काय?

या दोघांत निवडायचं झालं तर ४०० ग्रॅमचं हाय-प्रोटीन दही बहुतेक वेळा भावात सरस ठरतं. ते पाणी काढून नाही, तर दुधात प्रथिनं घालून केलेलं असतं, त्यामुळे कॅल्शियमही वाहून गेलेलं नसतं. चव जरा पिठूळ लागू शकते. कोशिंबिरीत ती कळतही नाही.

## फळाचा कप: साखर मोजायची युक्ती

ॲडेड शुगर वेगळी छापलेली नसेल किंवा वाचता येत नसेल, तर शंभर ग्रॅममधल्या एकूण साखरेतून ५ वजा करा. उरेल ती साधारण वरून घातलेली. १३ ग्रॅम असेल तर ८ ग्रॅम, म्हणजे दोन चहाचे चमचे. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची अशी साखर एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांखाली, आणि जमल्यास ५ टक्क्यांखाली ठेवायला सांगते. २००० उष्मांकांच्या आहारात ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. मुलाचा आहार याहून कमी, त्यामुळे त्याच्या डब्यातल्या एका कपाने दिवसभराच्या साखरेचा मोठा वाटा संपतो.

साध्या दह्यात पिकलेलं केळं, चिकू किंवा हंगामात आंबा कुस्करून घातला तर चव तीच येते. श्रीखंडाला यातून वगळायला नको: नियमांप्रमाणे श्रीखंडातल्या कोरड्या घटकांत ७२.५ टक्क्यांपर्यंत साखर चालते. पाडव्याला खा, पोटभर खा, पण 'चक्क्याचं आहे, प्रोटीन मिळेल' ही सबब नको.

## घरी दाट दही लावायचं, विकतच्यासारखं

घरचं दही पातळ होतं, ही सर्वात मोठी तक्रार. त्याची कारणं दोन: दूध पुरेसं तापवलेलं नसतं, आणि त्यात घनपदार्थ कमी पडतात.

एक लिटर टोन्ड दूध उकळी आल्यावर मंद आचेवर, अधूनमधून ढवळत, सात-आठ मिनिटं ठेवा. पिशवीतलं दूध आधीच पाश्चराइज्ड असतं, तरी हे करायचं. कारण या उष्णतेने व्हे प्रथिनं उलगडून केसिनला चिकटतात आणि जाळी जास्त पाणी धरून ठेवते. नुसतं कोमट करून लावलेलं दही म्हणूनच सैल राहतं आणि लवकर पाणी सोडतं.

दाटपणा आणि प्रथिनं दोन्ही वाढवायची असतील, तर कोमट दुधात ५० ग्रॅम स्किम्ड मिल्क पावडर गुठळ्या न होऊ देता मिसळा आणि मगच उकळा. एवढ्याने लिटरमागे साधारण १७ ग्रॅम प्रथिनं वाढतात, दही साडेचार टक्क्यांपर्यंत जातं, आणि पावडर साडेचारशे रुपये किलो धरली तरी ग्रॅमचा भाव उलट उतरतो, सुमारे एक रुपया पासष्ट पैसे. पाकिटावर 'स्किम्ड मिल्क पावडर' असंच लिहिलेलं पाहून घ्या. चहासाठीच्या डेअरी व्हाइटनरमध्ये साखर मिसळलेली असते. पावडरीतून लॅक्टोजही वाढते, त्यामुळे ज्यांना ती सोसत नाही त्यांनी हा मार्ग सोडून टांगण्याचा मार्ग धरावा.

दूध ४० ते ४३ अंशांवर आलं की विरजण लावायचं. थर्मामीटर नसेल तर करंगळी बुडवून दहा-बारा अंक मोजेपर्यंत आरामात ठेवता आली पाहिजे. लिटरला दोन चहाचे चमचे ताजं, गोडसर विरजण पुरतं; ते आधी थोड्या दुधात घोळून मग सगळीकडे मिसळा. उन्हाळ्यात पाच-सहा तास, थंडीत आठ-दहा किंवा त्याहूनही जास्त. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात भांडं जाड टॉवेलात गुंडाळून बंद ओव्हनमध्ये किंवा कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवा. लागेपर्यंत हलवायचं नाही. कापण्याजोगं झालं की लगेच फ्रिजमध्ये. दोन-तीन तासांत ते आणखी आवळतं.

काय बिघडलं ते दह्याकडे पाहून ओळखता येतं. लागलंच नाही, तर दूध फार गरम असताना विरजण पडलं आणि जिवाणू मेले, किंवा विरजण जुनं होतं. सगळं बरोबर करूनही एकाच ठिकाणचं दूध वारंवार लागत नसेल, तर दुधात जनावराला दिलेल्या प्रतिजैविकांचा अंश असण्याची शक्यता धरावी आणि दूध बदलून पाहावं. तार सुटत असेल, चमच्याबरोबर लोंबत असेल, तर दही फार थंड जागी लागलं आणि चिकट द्रव्य बनवणाऱ्या जिवाणूंचं फावलं. ते अपायकारक असतं असं नाही, पण त्याचंच विरजण पुढे वापरलं तर तार सुटतच राहते. नवं विरजण आणणं हाच उपाय. फार आंबट झालं, तर विरजण जास्त पडलं किंवा वेळ जास्त झाला. यीस्टचा, दारूसारखा वास आला तर दहीही टाका आणि विरजणही.

विरजणासाठी दुकानातलं साधं दही चालतं, मात्र 'हीट ट्रीटेड' लिहिलेलं नको. दही लागल्यावर पुन्हा तापवलं की त्यातले जिवाणू मरतात, आणि मेलेल्या विरजणाने दही लागत नाही.

टांगायचं असेल तर पावसाळ्या-उन्हाळ्यात ओट्यावर टांगू नका, आंबतं. चाळणीत सुती फडकं, खाली पातेलं, आणि सगळं फ्रिजमध्ये चार-पाच तास. एक किलोचं साधारण निम्मं उरतं.

## 'घरचं दही म्हणजे प्रोबायोटिकच ना?'

घरच्या दह्यात जिवंत जिवाणू असतात, यात शंका नाही. पण प्रोबायोटिक म्हणजे ठरावीक वाणाचे जिवाणू, पुरेशा संख्येने, ज्यांचा आरोग्याला होणारा फायदा तपासून सिद्ध झालेला आहे. घरच्या विरजणात कोणते वाण आहेत, हे कुणालाच माहीत नसतं. घराघरांत आणि ऋतूऋतूंत ते बदलतात. म्हणून घरचं दही वाईट ठरत नाही, त्याला फक्त ते नाव लागू होत नाही.

प्रोबायोटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर वाणाचं पूर्ण नाव आणि संख्या छापलेली आहे का, ते बघा. नुसतं 'गुड बॅक्टेरिया' लिहिलेलं असेल तर त्या शब्दांचे जास्त पैसे देऊ नका. योगर्टच्या नेहमीच्या जिवाणूंचा एक फायदा मात्र चांगला सिद्ध आहे. लॅक्टोज पचायला ते मदत करतात. ग्रॅममागे दहा कोटी जिवंत जिवाणू असतील तर हा दावा करायला युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने मान्यता दिलेली आहे. दूध प्यायल्यावर पोट फुगणाऱ्या अनेकांना दही सोसतं ते यामुळे.

## 'मधुमेह आहे, दही चालेल का?'

साध्या दह्यात कर्बोदकं कमी, प्रथिनं आणि स्निग्धांश सोबत, त्यामुळे रक्तातली साखर ते हळू वाढवतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२४ मध्ये, आठवड्याला किमान दोन कप योगर्ट खाल्ल्याने टाइप-२ मधुमेहाचा धोका कमी होऊ शकतो, असं लेबलवर म्हणायला परवानगी दिली. पण पुरावा मर्यादित आहे, हेही सोबत छापायची अट घालून. तेव्हा दही हे औषध नव्हे. साखर न घातलेलं दही मधुमेहींच्या ताटात बसतं, इतकंच म्हणता येतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं, फॉस्फरस, पोटॅशियम सगळंच मोजावं लागतं. तिथे हाय-प्रोटीन दही डॉक्टरांना विचारूनच.

## 'फॅटने हृदयाला त्रास?'

दुधातल्या स्निग्धांशापैकी जवळपास दोन तृतीयांश संपृक्त (सॅच्युरेटेड) असतो. फुल क्रीम दुधाच्या दोनशे ग्रॅम दह्यात १२ ग्रॅम स्निग्धांश, म्हणजे आठेक ग्रॅम संपृक्त. दिवसाची मर्यादा २००० उष्मांकांच्या आहारात सुमारे २२ ग्रॅम धरतात. तूप, लोणी, चीज, तळण वेगळं चालू असेल तर टोन्ड किंवा डबल टोन्ड दही बरं. बाकी जेवण हलकं असेल तर सायीचं कवडी दही खाल्ल्याचा अपराधी भाव बाळगू नये. साधं लो-फॅट दही घ्यायला हरकत नाही, पण चवीचं लो-फॅट घेताना साखरेचा आकडा आधी बघा. स्निग्धांश काढल्यावर चव उरत नाही, ती भरून काढायला साखर येते.

ए-टूबद्दल थोडक्यात. ए-वन आणि ए-टू हा फरक बीटा-केसिन या केसिनच्याच एका प्रकाराच्या रचनेतला, प्रथिनांच्या प्रमाणातला नाही. एफएसएसएआय या आपल्या अन्नसुरक्षा संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये लेबलवरून ए-वन, ए-टूचे दावे काढायला सांगितलं आणि काही दिवसांतच तो आदेश मागे घेतला. दुप्पट दर देण्याइतका पक्का आधार या दाव्यांमागे नाही.

## सुटं दही आणि साठवण

डेअरीतलं सुटं दही बऱ्याचदा चांगलं असतं, ताजं असतं आणि पाकिटावरचा ५ टक्के जीएसटी (जुलै २०२२ पासून लागू झालेला) त्याला लागत नाही. त्याच्यावर लेबल नसतं, एवढीच अडचण. संशयास्पद घट्ट वाटलं तर चमचाभर दही थोड्या पाण्यात उकळून गार करा आणि त्यात औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन दोन-तीन थेंब टाका. निळं झालं तर पिठाची भेसळ आहे. तपासलेला नमुना अर्थात टाकून द्यायचा.

पाकीट घेताना फ्रिजच्या मागच्या रांगेतलं उचला. तारीख उशिराची असते आणि दाराच्या उघडझापीचा त्रासही कमी झालेला असतो. कप किंवा पिशवी फुगलेली असेल तर मुदत शिल्लक असली तरी नको. आत यीस्ट किंवा दुसऱ्या जंतूंनी वायू धरलेला असतो. वर थोडं पाणी सुटलेलं चालतं, ते ओतून न देता ढवळून घ्या, त्यात कॅल्शियम आहे. पण हिरवा, काळा किंवा गुलाबी ठिपका दिसला तर वरचा थर काढून बाकीचं खाण्याचा विचार करू नका, सगळा डबा टाका. उघडलेला डबा पाच अंशांच्या आत ठेवून तीन-चार दिवसांत संपवायचा, आणि प्रत्येक वेळी कोरडा, स्वच्छ चमचा. भाजीतला चमचा तसाच दह्यात घातला की दुसऱ्या दिवशी त्या भाजीच्या जंतूंचंही विरजण लागलेलं असतं.